ड्रायव्हरची साक्ष

मोबाईल खाली ठेवा आधी. माझ्या ओळखीतल्या अँब्युलन्स ड्रायव्हरची गोष्ट आहे. खोटी वाटली तर घरी जाऊन झोपा.

त्याच्या गाडीवर एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता. एकदा गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली, तोवर पेशंट, एका गॅरेजवाल्याचा बाप, गेलेला. गॅरेजवाल्यानं पान्यानं ब्रदरचं डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी ब्रदर गेला. ड्यूटीवरच्या माणसाला हात लावला तर थेट तुरुंग, असा कायदा आहे. पण कायद्याला साक्षीदार लागतो. ड्रायव्हर ठाण्यात म्हणाला, "अंधार होता साहेब, दिसलं नाही." दोन पोरींचा बाप तो, गॅरेजवाल्याची धमकी आलेली. फाटली त्याची. गॅरेजवाला सुटला.

सहा महिन्यांनी, मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कॉल आला. पत्ता ओळखीचा. गॅरेजवालाच छाती धरून पडलेला. ड्रायव्हरनं आणि नव्या सिस्टरनं त्याला आत घेतलं.

"नीट धरा की, हरामखोरांनो!" गॅरेजवाला ओरडला.

"शिव्या नंतर द्या. आधी श्वास घ्या," सिस्टर म्हणाली.

मागून मधल्या काचेवर दोनदा टक म्हणजे चला, एकदा म्हणजे थांबा. त्या गाडीची रीतच तशी. दोनदा वाजलं, गाडी निघाली.

पुलावर एकदाच वाजलं. टक.

ब्रेक. "काय झालं गं?"

"मी नाही वाजवलं काका. चला!"

पुन्हा निघाला. टक.

इंजिन बंद. मागचा दिवा गेला.

"काका, नाडी लागत नाही... माझे हात उचलत नाहीत... काका, इथं कुणीतरी बसलंय..."

ड्रायव्हरनं मागं पाहिलं नाही. कोण ते त्याला कळलं होतं.

"घे सूड," तो म्हणाला. "मरू दे त्याला. मी कुठं बोलणार नाही."

टक.

"मग काय पाहिजे तुला?"

...

"पाहिलं मी!" ड्रायव्हर रडायलाच लागला. "पाना याच्याच हातात होता. सकाळी ठाण्यात जातो. कोर्टात उभा राहतो. पोरींची शपथ."



मग अंधारात ब्रदरचा आवाज. छाती दाबताना मोजायचा तसा. एक... दोन... तीन...

तीसपर्यंत.

टकटक.

इंजिन आपसूक सुरू झालं.

गॅरेजवाला जगला. मेला असता तर सुटला असता, कळलं का? ड्रायव्हरनं साक्ष दिली, गॅरेजवाला आत सडतोय. त्याच्या छातीवर दोन तळव्यांचे काळेनिळे डाग आहेत. तुरुंगाच्या डॉक्टरनं मलमं देऊन हात टेकले, ते जात नाहीत. सिस्टरनंच छाती दाबली असेल म्हणून चौकशीत तिचा तळवा त्यावर ठेवून पाहिला.

डाग चांगला बोटभर मोठा निघाला.