वाडग्यातली भरती

नायलॉनच्या ब्रशने माझ्या गळ्यावर पुटकुळ्या उठत, म्हणून दादाने मला परदेशातून दाढीचा ब्रश पाठवला. १९८३ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ लवू, मालवाहू बोटीवर होता. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासनीस. तयार झालेले सुटे भाग मोजायचे आणि मापात नसतील ते बाजूला काढायचे, हे माझं काम. मांडवीच्या समुद्राकाठच्या घरात आई, मालनवहिनी आणि मी अशी तिघं राहत होतो.

ब्रशसोबत दादाची चिठ्ठी होती. "दुकानात चौदा ब्रश पाहिले. बोटांनी केस फाकवून सोडायचे. लगेच मिटले तर दाटी चांगली. मग टोकं ओठांवर टेकवायची. टोचली तर तो ब्रश ठेवून द्यायचा. हा एकच पसंत पडला. थंड मुलखातल्या, बिळात राहणाऱ्या कुठल्याशा जनावराचे केस आहेत, म्हणून सुरुवातीला वास येईल. वास जाईपर्यंत तोंडाला लावू नकोस. रोज कोमट पाण्यात भिजव, साबण घेऊन वाडग्यात फेस कर, धू, आणि केस खाली करून टांग. शिमग्याला येतो. तोवर ब्रश नीट तयार कर."

मी तसंच करू लागलो. पहिल्या दिवशी ब्रशला ओल्या कातड्याचा वास आला आणि सात केस गळले. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्याने गळणं थांबलं. टोकं मऊ होत गेली, फेस दाट होऊ लागला. वास मात्र जाण्याऐवजी बदलला. आता तो खाऱ्या दोरखंडासारखा येत होता.

त्रिपुरी पौर्णिमा रविवारी आली होती. सकाळी सहाला फेस केला आणि वाडगा न धुता पडवीच्या कठड्यावर तसाच ठेवून मी बाजारात गेलो. परत आलो तेव्हा आई कठड्यापाशी उभी होती.

"काशी, ह्या फेसाला काय झाला रे? मघाशी वाडग्याच्या वर आला होता. आता बसतोय."

साबणाचा फेस पंधरा मिनिटांत मरतो. हा तासाभराने जिवंत होता. मी पट्टी आणली आणि दर अर्ध्या तासाने मोजत बसलो. फेस हळूहळू उतरत गेला. दुपारी एकला वाडग्याच्या तळाशी फक्त साय उरली. मग कुणी हात न लावता तो पुन्हा चढू लागला. संध्याकाळी सव्वासातला तो काठाच्या वर चार बोटं उभा होता.

आई म्हणाली, "समुद्रासारखा करतोय."

माझ्याही मनात तेच आलं होतं. पण मांडवीला त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास होती. समुद्र भरत होता तेव्हा फेस उतरत होता. म्हणजे संबंध नाही. मला बरं वाटलं. हवा, ऊन, साबणातला काही दोष, असं काहीतरी असेल म्हणून मी तो विषय मिटवला.

तीन आठवड्यांनी दादाचं पत्र आलं. त्रिपुरीच्या दिवशी त्याची बोट मोंबासाच्या धक्क्याला होती.

मी ते पत्र खिशात घालून बंदर कचेरीत गेलो. तिथले केरू मयेकर आमच्या ओळखीचे. त्यांच्याकडे परदेशी बंदरांच्या भरती-ओहोटीची जाड पुस्तकं होती. त्यांनी मोंबासाचं पान काढलं, बोट फिरवलं आणि तिथली वेळ आपल्या वेळेत बदलून सांगितली. "सकाळी सातच्या आत-बाहेर. संध्याकाळी सव्वासात. कशाला हवंय?"

"सहज," मी म्हटलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसलो. समोर भगवती बंदराखाली पाणी हलत होतं. मला भीती वाटत नव्हती. आपण आजवर जे मोजत आलो ते फारच लहान होतं, असं मात्र वाटत होतं.

मग रोज फेस केला. घरी दोघींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी वहिनीच कोमट करून आणू लागली. डिसेंबरात सलग आठ दिवस फेस जेमतेम बोटभर चढला. मयेकरांना मी विचारलं, अशी इवलीशी भरती कुठे असते? ते म्हणाले, "कोलंबोला. तिकडे पाणी कमरेएवढंसुद्धा चढत नाही." महिनाअखेरीस दादाचं पत्र आलं. पाकिटावर कोलंबोचा शिक्का होता.

त्या दिवशी वहिनी वाडग्यासमोर हात जोडून उभी राहिली. आईने तिला अडवलं नाही, मीही नाही. साडेचार हजार मैलांवर किंवा चारशे मैलांवर, कुठेही असला तरी त्याच्या बोटीखालचं पाणी आमच्या कठड्यावर श्वास घेत होतं. तो ब्रश मी तोंडाला लावला नाही. मला धीरच झाला नाही.

जानेवारीच्या एकोणीस तारखेला कंपनीची तार आली. मालदीवच्या दक्षिणेला बोटीशी संपर्क तुटला होता.

त्या सकाळी फेस झाला नव्हता. ब्रश कितीही फिरवला तरी वाडग्यात नुसतं पांढुरकं पाणी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईने देव पाण्यात ठेवले.

चौथ्या दिवशी फेस उभा राहिला.

वहिनी खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. मी तिला म्हणालो, "वहिनी, तो आहे." तपासनीस म्हणून मी कधीच असं बोललो नसतो.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. बोट बुडाली, एकही माणूस वाचला नाही, नुकसानभरपाईसाठी कागद पाठवावेत. वहिनीने पत्र वाचून घडी केली आणि देवळीत ठेवलं. नातेवाईक भेटायला आले तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. लोक एकमेकांकडे बघत निघून गेले.

"उद्याचं पाणी किती वाजता ठेवू, भावजी?" ती मला विचारी.

फेस रोज चढत होता, उतरत होता. मी वेळा लिहून ठेवत होतो. मांडवीच्या भरतीपेक्षा तो आता चार तास पुढे होता. आठवड्याने तीन. मग दोन.

मला ते आधी कळलं. मी घरात सांगितलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला फरक पाऊण तासावर आला. आईने दादाची खोली झाडून घेतली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दहा मिनिटं. मग चार.

बारा मार्चला, सोमवारी, मी कामावर गेलो नाही. मांडवीची भरती आठ वाजून दहा मिनिटांनी होती. शिमगा पाच दिवसांवर होता, आळीतून ढोलाचा आवाज येत होता. आम्ही तिघं पडवीत उभे राहिलो. फेस वाडग्याच्या काठावर आला, काठ ओलांडून वर चढला, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी थांबला.

खाली वाळूवर लाटेचा आवाज आला आणि तोही थांबल्यासारखा वाटला.

कुणी आलं नाही. रस्त्यावरून एक मच्छीवाली गेली. उन्हात फाटक तसंच बंद होतं.

वहिनी म्हणाली, "खाऱ्याचा वास येतोय."

वास घरातून येत होता.

फेस उतरू लागला. आई आत गेली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवताना मी तिला पाहिलं. तिने चार कप मांडले.

मी वाडगा उचलून मोरीवर नेला. ब्रश धुण्यासाठी त्यात स्वच्छ पाणी घातलं, केस दाबून पिळले आणि पाणी संथ होऊ दिलं.

तळाशी बारीक काळे कण बसले. मी वाडगा उजेडात धरला. दाढीचे खुंट होते, राठ आणि ओले, आणि मी तो ब्रश अजून तोंडाला लावला नव्हता. मी पुष्कळ वेळ ते बघत राहिलो आणि मग ओतून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा होते. आदल्या दिवशी दाढी केलेल्या माणसाचे असतात, तेवढेच लांब.