हिरामणचा पाय

"डॉक्टर कुठं आहेत?"

"इथंच आहे. फक्त हात गायीत आहे... दोन मिनिटं."

सालेकशाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच आले होते. खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेला, घामाघूम झालेला तो मुलगा डॉक्टर असेल असं मला वाटलंच नव्हतं. हात धुऊन तो आला, माझ्या टोपलीवरची ओढणी त्यानं उचलली आणि चटकन दोन पावलं मागे सरकला.

"घोरपड पाळलीय तुम्ही? गुन्हा आहे तो."

"इग्वाना आहे. परदेशी सरडा. कागद आहेत त्याचे," मी म्हणाले. "आणि तुम्ही घाबरलात."

"घाबरलो नाही... मागून बैल येत होता."

मागे बैल नव्हता. एक शेळी होती, तीही बांधलेली. एरवी मी हसले असते, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष टोपलीत होतं.

टोपलीतला हिरामण खरं तर माझ्या भावाचा, भूपेंद्रचा. नोकरीला पुण्याला जाताना तो म्हणाला, दोन महिने सांभाळ. त्याला आता चार वर्षं झाली. हिरामण माझ्याच हातून जास्वंदीची फुलं खातो, माझ्याच खांद्यावर बसून ऊन घेतो. गेल्या शनिवारी भाताच्या तणसाच्या ढिगाजवळ ऊन खात पडला होता, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका निसटून त्याच्या मागच्या पायावर पडला.

बाबूजींनी लगेच पट्टी बांधली. माझे बाबूजी, कुंजीलाल पटले, पंचक्रोशीत हाड बसवणारे म्हणून ओळखले जातात. माणूस असो की बकरीचं पिल्लू, त्यांची रीत एकच. हळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर जुन्या धोतराची घट्ट पट्टी, आणि एकवीस दिवस ती सोडायची नाही. पाचव्या दिवशी हिरामणची बोटं काळी दिसली, तेव्हा मी बाबूजींना न विचारता निघाले.

डॉक्टरचं नाव धनेंद्र. रुजू होऊन महिनाच झाला होता. त्यानं पट्टी इतक्या हळू सोडली की हिरामण हललासुद्धा नाही. मग त्यानं पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं... आणि मला कळलं.

"पाय गेलाय. गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. नाहीतर विष अंगात चढेल. दोन दिवस, फार तर तीन."

"आणि कापला तर?"

"कुत्र्याचा पाय कापलाय मी. सरड्याचा कधीच नाही. गुंगीतून उठेल, नाहीही उठणार... पन्नास टक्के समजा."

"नागपूरला नेला तर?"

तो बाहेर जाऊन नागपूरच्या कॉलेजातल्या त्याच्या सरांशी फोनवर बोलून आला. सर सोमवारी बघणार होते, आणि आज गुरुवार होता.

"तुमचा असता तर काय केलं असतं?"

"कापला असता," तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "पण खरं सांगू? मी माह्याच हातांले घाबरून राहिलो."

असं कबूल करणारा डॉक्टर मी पाहिला नव्हता. त्याच क्षणी तो मला आवडला, आणि भलत्या वेळी आवडला म्हणून मला माझाच राग आला.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. बाबूजी आत आले आणि सुटलेल्या पट्टीकडे बघतच राहिले.

"कोणं सोडली? एकवीस दिस कुठं झाले? चाळीस वर्षांत माही एक पट्टी चुकली नाई. चार दिस दे, मोना. रगत परत येते पायाले."

शेळ्या-म्हशी घेऊन आलेली माणसं कान टवकारून उभी. ऑपरेशनला हो म्हणायचं म्हणजे चारचौघांत बापाला खोटं पाडायचं. नाही म्हणायचं म्हणजे हिरामणला मारायचं.

"काका," धनेंद्र म्हणाला, "पट्टीचा दोष नाही. फाळक्यानंच पाय चिरडला होता."

बाबूजी मोटारसायकलला किक मारून निघून गेले. मी सही केली. मोनाली कुंजीलाल पटले... मधलं नाव लिहिताना पेन अडखळला.

दीड तास चाललं. फोनवर नागपूरचे सर सांगत होते, धनेंद्र कापत होता, मी गरम पाण्याच्या पिशव्या धरून हिरामणचे श्वास मोजत होते. टाके पडले. मग वाट बघणं. एक तास... सव्वा तास. हिरामण हलेना.

"भांडा माझ्याशी," धनेंद्र म्हणाला. "तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

"मग खरं सांगा. पट्टीनंच गेला ना पाय?"

"हो. नुसतं हाड मोडलं होतं. पाय राहिला असता."

"खोटं काऊन बोलले?"

"उद्या कोणाचं हाड बसवताना काकांचा हात थरथरला असता. माझ्यासारखा."

दारात बाबूजी उभे होते. हातात घरून आणलेली जास्वंदीची दोन फुलं होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मले पाय पाहूनच समजलं होतं, डाक्टर, पण चारचौघांत कबूल झालं नाई," ते म्हणाले. "घट्ट झाली तं माणूस बोंबलते, बकरी ओरडते. हा बिचारा बोललाच नाई. आता तुमी बांधान, तं किती ढिली ठेवाची ते मले दाखवजा."

त्यांनी एक फूल टेबलावर हिरामणच्या तोंडाजवळ ठेवलं. आणि... हिरामणचा एक डोळा उघडला. जीभ बाहेर आली, फुलाला लागली, आत गेली. मी सगळ्यांसमोर रडले. धनेंद्रचेही डोळे ओले झाले होते, तो उगाच सलाईनची नळी बघत राहिला.

निघताना तो म्हणाला, "दर रविवारी घरी येऊन बघावं लागेल."

"किती रविवार?"

"टाके सहा आठवड्यांनी निघतील."

"म्हणजे सहा."

"नाही... म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. "इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगते म्हणतात. मले तेवढे रविवार पाहिजेत."

मी बाबूजींकडे पाहिलं. ते नव्या पट्टीखाली करंगळी घालून बघण्यात अगदी गढून गेले होते, पण त्यांच्या मिशा हसत होत्या.

"या," मी म्हणाले. "पण आमच्या घरी खरोखरचे दोन बैल आहेत."