चौथ्या खोलीचं तापमान

बियाणं जपून ठेवणाऱ्या आमच्या संस्थेत तीन शीतखोल्या आहेत. तिन्हींत उणे अठरा अंश. ते तापमान राखणारा पायथन प्रोग्राम गेली चार वर्षं मी सांभाळते. काम कंटाळवाणं, पण चुकीला जागा नाही. काही वाणांची शेवटची मूठ आमच्याकडेच उरली आहे.

प्रोग्रामला कुठलीही सेटिंग तीन ठिकाणांहून मिळते. कोडमध्ये मुळात लिहिलेली. तिला मागे सारणारी, सेटिंगच्या फाइलमधली. आणि प्रोग्राम सुरू करताना कमांड लाइनवर हाताने टाइप करून दिलेली, जिच्यापुढे बाकी कुणाचं काही चालत नाही. सुरू होताच प्रोग्राम सगळी यादी छापतो आणि प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली तेही लिहितो. ही सोय मीच केलेली.

मंगळवारी सकाळी यादीत एक ओळ जास्त होती.

खोली ४. तापमान २४. माणसे १. स्रोत:

पुढे कोरं.

फाइल उघडली. चौथी खोली नाही. कोड चाळला. ‘माणसे’ नावाची सेटिंगच कुठे नव्हती. प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नव्याने बसवला, तरी ओळ जागच्या जागी. खरं तर घाबरायला हवं होतं. पण त्या कोऱ्या जागेने मला नादच लावला.

भांडार सांभाळणारे काका निवृत्तीला टेकलेत. त्यांना विचारलं, “काका, इथे चौथी खोली कुठे होती हो?”

“कधीच नव्हती. सव्वीस वर्षं इथे टाचा झिजवतोय, मला दिसली नसती?” मग जरा घुटमळून म्हणाले, “बोळाच्या टोकाची भिंत तेवढी ऊबदार असते. स्वेटर वाळत घालतो मी तिथे.”

“आणि हे आजवर बोलला नाहीत?”

“स्वेटर वाळत होता ना!”

त्या भिंतीमागे काहीच नाही. मी बाहेरून फिरून बघितलं. सायकली लावायची पत्र्याची शेड, मोकळं मैदान. आत येऊन भिंतीला हात लावला. आत्ताच कुणी टेकून उठावं, तशी ऊब. थर्मामीटर धरला. चोवीस.

थर्मामीटर काकांच्या हाती देऊन त्यांना भिंतीपाशी उभं केलं, आणि जागेवर परतून मी कमांड लाइनवर चौथ्या खोलीला तीस अंश दिले. बारा मिनिटांनी काकांचा फोन आला. “तीस झाले. पोरी, पुरे आता.”

पुरे करायला हवं होतं. पण ‘माणसे १’ हा आकडा मोजलेला होता की ठरवलेला? मला ते कळल्याशिवाय चैन पडेना.

“काका, भिंतीला कान लावा. काय ऐकू येतं?”

त्यांनी कान लावला. मग दबका आवाज. “आत कुणीतरी येरझारा घालतंय.”

मी प्रोग्राम थांबवला. नवा पर्याय टाइप केला. माणसे ०. एंटर दाबलं.



“काका?”

“थांबलं,” ते म्हणाले. “पाऊल उचललं होतं, ते टेकलंच नाही. काय केलंस तू?”

मी घाईने तो पर्याय काढून टाकला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. यादीत माणसे १ दिसलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

“चालायला लागलं,” काका कुजबुजले. “पण आता येरझारा नाहीत. सरळ भिंतीकडे येतंय.”

मग म्हणाले, “इथे येऊन थांबलंय. बहुतेक त्यानेही कान लावलाय.”

आम्ही दोघांनी फोन ठेवले. त्या दिवशी त्यावर पुन्हा बोललो नाही.

बुधवारी मी वेळेवर आले. बाहेर गवतावर दंव होतं. प्रोग्राम सुरू केला. यादीत चौथी खोली नव्हती. हायसं वाटलं, आणि मग शेवटची ओळ वाचली.

खोली ७. तापमान ३०. माणसे १. स्रोत: कमांड लाइन.

कमांड लाइनवर मी काहीच दिलं नव्हतं.

सात हा आकडा माझ्या कामाच्या खोलीच्या दारावर आहे. मी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. वारा आत आला, टेबलावरचे कागद उडाले, पण उकाडा तसूभर हलला नाही.

‘माणसे’पुढचा आकडा अजून एकच आहे. मी जागच्या जागी उभी आहे, आणि भिंतीपलीकडे कळा वाजताहेत; कुणीतरी काहीतरी टाइप करतंय.