वीरगळाच्या गायी

"हात मागं घे, पोरी. नव्या कामाला हात लावायचा न्हाई," मारुतराव म्हणाले, आणि गौतमीचा पुढे गेलेला हात हवेतच राहिला.

दोन दिवस हेच ऐकून तिचे कान किटले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कारेगावहून गेणबाच्या वाडीला मामाकडे आलं, की पिशवी टाकून आधी देवळामागच्या वीरगळाकडे धाव घ्यायची, हा तिचा शिरस्ता. गौतमीला जन्मापासून दिसत नाही. पण लढाईत पडलेल्या वीराची गोष्ट कोरलेला तो जुना दगड तिच्या बोटांना तोंडपाठ होता. तळाला वीरानं सोडवलेल्या गायी, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि माथ्यावर महादेवाची पिंड.

यंदा जत्रा कमिटीनं नवा ओटा बांधून दगड त्यावर बसवला होता. दौंडहून काचेची पेटीही आली होती. उद्या सकाळी ती दगडावर चढली, की हात लावायचं कायमचं बंद!

"मी सांगतो ना काय दिसतंय ते," मामेभाऊ सार्थक म्हणाला. "वर पिंड हाय. मग बाया उडत्यात. मग तलवारी."

"मग?"

"मग फरशी."

"आणि गायी?"

"कसल्या गायी?"

"चार गायी रे. एक मान वळवून वासराला चाटतेय."

सार्थकची बहीण नीलम मामीच्या मोबाईलमधले फोटो धुंडाळू लागली. "ह्यात तळाशी बाबांचं पोट हाय. ह्यात आत्याची साडी. सगळे दगडासमोरच उभे राहत्यात, दगड दिसणार कसा?"

गौतमीनं मारुतरावांना विचारलं. ते जत्रा कमिटीचे अध्यक्ष आणि वाडीतल्या सगळ्या पोरांचे आप्पा.

"दगड तोच हाय," ते वैतागून म्हणाले. "आन् तुला गं काय दिसलं?"

गौतमीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू कमी, राग जास्त.

दुपारी मोठी माणसं आडवी झाल्यावर तिघं निघाली. "टोप्या घाला, नदीकडं फिरकू नका," मामीनं झोपेतूनही बजावलंच. गौतमी ओट्यावर बसली आणि तिनं दगडावर हात टेकला.

"बसल्यावर तलवारी माझ्या कपाळाशी यायच्या. आता कमरेशी आल्यात. दगड खाली गेलाय!"

नीलमनं ओढणीनं आधी शेजारी ठेवलेली पेटी मापली, मग दगड. "बरोब्बर बसतोय. म्हंजी पेटी आखूड आली, म्हणून दगडच ओट्यात पुरला?"

"चप्पल लहान झाली म्हणून पाय कापला," सार्थक म्हणाला. "पण आप्पा फरशी उचकटू देणार न्हाईत. गायी व्हत्या, हे दाखवायचं कसं?"

"दाखवायचं नाहीच," गौतमी म्हणाली. "मला चिखल आणून दे."

पाटाच्या कडेचा काळा चिखल परातीत आला. पहिल्यांदा गायीचे पाय खचले. दुसऱ्यांदा मान गळून पडली. "राहू दे गं," नीलम म्हणाली, तेव्हा गौतमीनं अख्खा गोळा परातीत आपटला आणि दात-ओठ खात पुन्हा मळायला घेतला. बोटांना सगळं आठवत होतं, चिखलच ऐकत नव्हता. उन्हं उतरता उतरता कुठे चौथी गाय उभी राहिली.

संध्याकाळी मारुतराव पारावर चारचौघांत बसले होते. सार्थकनं फडक्यानं झाकलेली परात त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आप्पा, पैज. डोळे मिटून ओळखायचं."

"न्हाई जमायचं त्यांना," नीलमनं मुद्दाम सांगून टाकलं.

"का न्हाई?" आप्पांनी डोळे मिटले. नीलमनं फडकं काढलं. "ही गाय. ही दुसरी. चिखलानं भरवलं की गं मला." लोक हसले. मग आप्पांचा अंगठा वळलेल्या मानेवरून खाली घसरला आणि मान आणि वासरू यांच्यामधल्या खोबणीत जाऊन बसला.

"हितं..." ते हळू आवाजात म्हणाले. "हितं आमी चिंचोके लपवायचो. वीरगळाच्या गायीपाशी." त्यांनी डोळे उघडले. "कुठं गेल्या गायी?"

"फरशीखाली," गौतमी म्हणाली. "पेटीचं माप कुणी दिलं, आप्पा?"

"म्याच," आप्पा ओशाळले. "नजरेनं."

सकाळी गवंड्यानं जपून फरशा काढल्या. आधी शिंग दिसलं, मग मान, मग चारही गायी. पेटी देवळात प्रसादाच्या लाडवांना द्यायची ठरली. आप्पांनी सगळ्यांसमोर गौतमीच्या पाठीवर हात ठेवला. "जल्म गेला ह्या दगडाशेजारी, पर वळख तुझी खरी. शाबास, पोरी. तुमा तिघांची कमाल हाय."

गौतमी वासराच्या तोंडावरून बोट फिरवत होती. तिच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"शाबासकी मागून द्या, आप्पा. ह्याच्या तोंडात सिमेंट भरलंय. कच्चं आहे तोवर खरवडायला पाणी आणा."

आणि कमिटीचे अध्यक्ष बादली घेऊन लगबगीनं नळाकडे निघाले.