दार राहिलेलं घर

"झालं गं आई, सगळं बघून झालं! शहर पूर्ण झालं!"

त्रिनू फोनवर एवढ्या मोठ्याने बोलली, की कठड्यावर बसलेला सीगल दचकून उडाला. टेकडीखाली लाल कौलांची दाटी होती, मध्येच चर्चचे मनोरे, पलीकडे राखाडी समुद्र. परदेशी पाहुणे आपापले फोटो काढण्यात गुंग होते. एकच माणूस गर्रकन वळला.

"अहो, हळू! ऐकेल ना कुणीतरी!"

"कोण ऐकणार?"

"तळ्यातला म्हातारा. तुम्हाला पोहता येत असेल. मला नाही येत."

त्रिनूने जीभ चावली. उलेमिस्ते तळ्यातला म्हातारा धुक्याच्या रात्री वेशीवर येतो, "शहर बांधून झालं का?" असं विचारतो, आणि कुणी "झालं" म्हणालं तर तळं सोडून अख्खं तालिन शहर बुडवतो, ही गोष्ट तिने पाळण्यात ऐकली होती. उत्तर ठरलेलं... छे हो, अजून बरंच बाकी आहे. आणि तिने तर भर दुपारी, टेकडीवरून, ओरडून सांगितलं होतं!

"चुकलंच," ती म्हणाली. "पण मी हीउमाची. आमच्या बेटाला समुद्र आहे, तो बुडवायच्या आधी विचारत बसत नाही."

"हीउमा! तरीच. थट्टेखोरांचं बेट. तुमच्याकडचा माणूस 'आज रविवार' म्हणाला, तरी आम्ही कॅलेंडर बघून घेतो."

"आणि तुमच्याकडचा माणूस काही म्हणतच नाही. मग आम्ही काय बघायचं?"

त्याला हसू आलं, पण जरा उशिराच... आत कुठेतरी परवानगी घेऊन आल्यासारखं. तेवढ्यात त्रिनूचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. टोकं लालभडक होती.

"खून करून आलात वाटतं?"

"डुकरांचे गाल रंगवून आलो. चौकामागच्या बोळात मिठाईच्या दुकानात असतो मी. बदामाच्या मिठाईच्या मूर्ती करून रंगवतो... डुकरं, घरं, नवरानवरी. मी तानेल."

का कोण जाणे, तिने या अनोळखी माणसाला खरं ते सांगून टाकलं. त्याच बोळातल्या विणकामशाळेने तिला कामाला बोलावलं होतं, रविवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. तिची हेल्वेमावशी म्हणाली होती, "आधी तीन दिवस पाहुणीसारखं शहर बघ, मग ठरव." आणि अर्ध्या दिवसातच तिचं 'नाही' ठरलं होतं. शहर सुंदर होतं, पण काचेच्या कपाटातल्या कपबशीसारखं. बघायचं, हात लावायचा नाही. हीउमाच्या जुनिपरच्या झुडपांत, आईच्या मागाजवळ, तिला निदान मोकळं हसता तरी येत होतं.

"मग दंड भरा," तानेल म्हणाला. "तुम्ही नको ते बोललात. आता या शहरात काय काय अपुरं आहे ते बघा, म्हणजे म्हाताऱ्याची समजूत पटेल."

"आणि दाखवणार कोण?"

तो परत येऊन बसलेल्या सीगलकडे बघत म्हणाला, "दुपारनंतर मला काम नसतं."

मग तो तिला जे दाखवत सुटला, ते कुठल्याच पाहुण्याला कुणी दाखवत नसेल. वर्षानुवर्षं परांची न उतरलेली एक भिंत. अर्धाच जिना, ज्याच्या शेवटच्या पायरीवर एक मांजर राहायला होतं. एका अंगणात वाळत घातलेले मोजे, त्यातला एक कायमचा एकटा. काळ्या पावावर खारवलेले मासे ठेवून दोघं तटाच्या आडोशाला खात बसले. भुरभुर पाऊस आला, तेव्हा त्याने आपली लोकरीची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः भिजत राहिला. "थंडी वाजतेय का?" एवढंही विचारलं नाही.

"ही टोपी कुणी विणली? टाके सुटलेत," ती म्हणाली.

"आजीने. अर्धवटच आहे."

"तुमच्याकडे काहीच पुरं करत नाहीत का रे?"

'अहो'चा 'अरे' कधी झाला, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून कागदात गुंडाळलेलं मिठाईचं घर काढून तिला दिलं. लाल कौलं, चिमुकल्या खिडक्या, धुराडंसुद्धा होतं. समोरची भिंत मात्र कोरी.

"दार कुठंय?"

"राहिलंय," तो म्हणाला, आणि त्याचे कानही बोटांसारखे लाल झाले.

त्या रात्री त्रिनूला झोप येईना. शहर आता काचेच्या कपाटात नव्हतं. पण शहर आवडलं की हा घुम्या माणूस? माणूसच आवडला होता, हे तिने उशीला सांगून टाकलं. त्याच्या मनात काय आहे, हे मात्र तो सांगेल तर शपथ! आणि त्याने काहीच म्हटलं नाही, तर रोज त्याच बोळातून, त्याच्या दुकानावरून कामाला जायचं... ते तिच्याने होणार नव्हतं.

रविवारी तो विमानतळावर आला. हीउमाचं विमान अगदी छोटं, आणि विमानतळाला लागूनच म्हाताऱ्याचं तळं. काचेपलीकडे धुकं पाण्यावरून सरकत होतं. तानेल हात खिशात घालून उभा होता. पुकारा झाला. त्रिनूने पिशवी उचलली, दोन पावलं गेली, आणि तिच्यातली हीउमाकर जागी झाली. पाठ वाकवून, खर्ज लावून तिने विचारलं,

"काय रे पोरा, शहर पूर्ण झालं का?"

तो हसला नाही.

"नाही," तो म्हणाला. "कसं होईल? तू चाललीस."

त्रिनूने उचललेली पिशवी खाली ठेवली.

"मला नीट बोलता येत नाही," तो घाईघाईने म्हणाला, "पण तू राहावंस... असं मला फार वाटतं. विणकामासाठी नाही. माझ्यासाठी."

"हे परवा सांगायला काय झालं होतं?"

"तू 'सगळं बघून झालं' म्हणाली होतीस ना. भीती वाटली."

तिने पिशवीतून ते घर काढलं आणि त्याच्या लाल बोटांत ठेवलं.

"शाळेला आजच होय कळवते. पण आईला सांगायला हवं, आणि माझा माग आणायला हवा. आठवड्याभरात येते. तोवर याला दार करून ठेव."

"अगं, मग घर पुरं होईल. म्हाताऱ्याने विचारलं तर?"

"एवढं एक होऊ दे पुरं," ती म्हणाली. "बाकीचं शहर आहे की अर्धं."