न लावता उतलेला बिब्बा

त्यानं "इथं कोणी बसलंय का" असं विचारलं असतं, तर मी "नाही" म्हटलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यानं विचारलं, "ही जागा रिकामी आहे का?" आणि मी म्हटलं, "हाव."

तो उभाच राहिला.

मलकापूरहून बुलढाण्याला जाणारी सकाळची एसटी, डिसेंबरचा गारठा, अर्धीच बंद होणारी खिडकी. त्याच्या पाठीवर एक बॅग, हातात दुसरी, चेहऱ्यावर रेल्वेतली अर्धवट झोप. मी हातानं सीट दाखवली तेव्हा कुठं तो टेकला. राजूर घाटाचं पहिलं वळण आलं, तसा हळूच म्हणाला, "आमच्याकडे हाव म्हणजे... अधाशीपणा."

"आमच्याकडं हाव म्हणजे हो," मी म्हटलं. "अधाशीपणाले आम्ही सरळ अधाशीपणाच म्हणतो."

तो हसला. समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. मी ते टिपून घेतलं. टिपून घेणं हा माझा धंदाच आहे, त्याला मी काय करू?

माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. तो मघापासून त्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलंच, यात काय आहे. मी सांगितलं, आता काही नाही, जाताना माणसांचे तुकडे होते. अशा उत्तरानंतर शेजारचा माणूस सहसा जागा बदलतो. हा म्हणाला, "कुठल्या भागाचे?"

मग मात्र मीच वळून पाहिलं.

तो डॉक्टर प्रज्वल. पुण्याचा, त्वचारोगाचा डॉक्टर, एक वर्षासाठी बुलढाण्याच्या आमच्याच हॉस्पिटलात रुजू व्हायला निघालेला. आणि मी मयुरी, अमडापूरची. नर्सिंग शिकले, मग संशोधनाचा कोर्स केला. माझ्या टेबलावर 'संशोधन समन्वयक' अशी भारी पाटी आहे. वेगळी केस आली की पेशंटची हकीकत लिहून घ्यायची, ती छापायला त्याची संमती घ्यायची, आणि त्वचेचे नमुने बर्फात घालून मलकापूरच्या रेल्वेनं मुंबईच्या लॅबला धाडायचे, हे माझं काम. आमच्या विभागाच्या प्रमुख अन्नपूर्णा मॅडमनी मला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता. पेशंट जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, काना-मात्रासुद्धा बदलायची नाही. त्यासाठी माझी एक जाड वही आहे.

पुण्याच्या डॉक्टरांना ती वही आधी गमतीची वाटली. मग पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटनं "कई कई दुखते" म्हटलं, आणि साहेबांनी लिहून टाकलं की अनेक ठिकाणी दुखतं. मी म्हटलं, डॉक्टर, ते हिंदीत. आमच्यात कई कई म्हणजे कधी कधी. त्या दिवसापासून आमचा सौदा ठरला. मी रोज एक शब्द शिकवायचा, त्यानं रोज एक चहा पाजायचा.

शब्द त्यानं पटापट उचलले, पण वापरायचा भलतीकडंच. कॅन्टीनमध्ये समोर बसून, कपाचा कान माझ्या बाजूला फिरवून देत, साळसूदपणे विचारायचा, "काऊन रागावून राह्यल्या, मॅडम?"

"मी कुठं रागावले?"

"नाही... पण रागावलात की वऱ्हाडी जास्त छान येतं तुम्हाला."

मी चहा प्यायचे. चहा संपला तरी कप हातात धरून बसायचे. तो मला आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू? फक्त त्याचं वर्ष संपलं की तो घाट उतरून जाणार, हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी मनाचे फार लाड करत नव्हते.

जानेवारीत चुलत बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस गावी गेले. परत आले तर हा हॉस्पिटलच्या पायरीवरच फाइल घेऊन उभा. डोळे नुसते चमकत होते.

केस होती पिंपळगाव राजाच्या सोजराबाईंची. मी नव्हते, म्हणून हकीकत त्यानंच लिहून घेतली होती. वय अठ्ठावन्न, साखरेचा त्रास. पोटऱ्यांवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला टचटचीत फोड, सुकले की काळे डाग. महिनाभरात तिसऱ्यांदा भरती झाल्या होत्या. हॉस्पिटलात आठ दिवसांत बऱ्या व्हायच्या, घरी गेल्या की पुन्हा तेच. प्रज्वलचा अंदाज असा, की हा तो दुर्मिळ आजार, ज्यात शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटतं. तोही इतक्या थोड्या जागी. डॉक्टरच्या जन्मात अशी केस एखादीच, असं तो म्हणाला. नागपूरच्या परिषदेत ती मांडायचं ठरलंही होतं, आणि पुण्याच्या ज्या मोठ्या संस्थेत त्याला संशोधनाची जागा हवी होती, तिथले लोक त्या परिषदेत ऐकायला बसणार होते. लॅबचा रिपोर्ट यायचा होता. पण आजार वाढू नये म्हणून सोमवारपासून सोजराबाईंना जबरदस्त गोळ्या सुरू होणार होत्या. वर्ष-दोन वर्षं घ्यायच्या. साखरेच्या बाईला त्या किती महागात पडतात ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. इलाज नव्हता, इतकंच.

शुक्रवारी मी संमतीचा कागद घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले. सही घेण्याआधी हकीकत वाचून दाखवायची असते. वाचता वाचता मी एका ओळीवर आले. 'पूर्वी बिब्बा लावला होता, तो उतरला.'

"थांब वं माय," सोजराबाई म्हणाल्या. "काय वाचलं? उतरला?"

मी ओळ पुन्हा वाचली.

"उतरला नाही, उतला. बिब्बा उतला म्हणलं मी त्या डाक्टरले. अन् लावला कुठं म्या? म्या त लावलाच नाही, तरी उतला. तेच त कवाची सांगून राह्यली."

माझा पेन हातातच राहिला. बिब्बा म्हणजे ते काळं, चकचकीत बी. त्याचं तेल लागलं की कुणाकुणाच्या अंगावर फोड येतात, डाग पडतात. त्याला म्हणायचं बिब्बा उतला. उतला म्हणजे अंगावर उठला, आणि उतरला म्हणजे गेला. मधल्या एका 'र'नं आलेलं दुखणं गेलेलं करून टाकलं होतं. मॅडमनीही फाइल वाचूनच बिब्ब्याचा विचार सोडून दिला होता.

मी खुर्ची जवळ ओढली आणि घरातलं एकेक विचारत गेले. त्यांची सून सारिका थंडीत बिब्बे फोडून आतली गोडंबी काढते आणि बाजारात विकते. सोजराबाईंना बिब्बा सोसत नाही, म्हणून सून त्यांना हातसुद्धा लावू देत नाही. मग तुम्ही काय करता, विचारलं. तर म्हणाल्या, आंगणात उन्हाले बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. कशावर बसता? पोत्यावर. कोणतं पोतं? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला. बिब्ब्याचं रिकामं झालेलं, दुसरं कोणतं!

प्रज्वल संगणकासमोर परिषदेची चित्रं लावत बसला होता. त्याला हे कसं सांगावं म्हणून मी घाबरले नाही, पण वाईट वाटलं. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि ती खुशी माझ्याच बोलण्यानं जाणार होती. एकदा मनात आलंही, की हे ऐकल्यावर हा उद्यापासून कपाचा कान माझ्याकडं फिरवणार नाही. पण सोजराबाईंच्या गोळ्या सोमवारी सुरू होणार होत्या. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं फाइल ओढून ती ओळ शोधली. मग म्हणाला, "मला वाटलं त्यांना उतरला म्हणायचंय. र खाल्ला असेल. म्हणून मी... सुधारून लिहिलं."

"डॉक्टर, तुम्ही तिचं शुद्धलेखन तपासलं," मी म्हटलं. "दुखणं तपासायचं राहून गेलं."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता हा शिकल्या-सवरल्याचा तोरा दाखवणार असं मला वाटलं, आणि माझं उत्तर तयार होतं. पण त्यानं विचारलं, "पिंपळगाव राजाला जायला किती वेळ लागतो?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटरसायकलवर आम्ही बोथ्याच्या जंगलातून निघालो. पळसाला नुकत्या कळ्या धरत होत्या. त्याचा मफलर वाऱ्यानं सारखा माझ्या तोंडावर येत होता, आणि मी तो बाजूला करायचा आळस करत होते. निम्म्या वाटेत तो मान न वळवता म्हणाला, काल रात्री लाज वाटली मला. मी म्हटलं, वाटू द्या, अंगाला चांगली असते. त्याच्या खांद्यावरून मला कळलं की तो हसतोय.

सारिका आंगणात हाताला तेल-राख चोपडून, दगडावर बिब्बे फोडत बसली होती. बाजूला तुरीच्या शेंगांचा ढीग आणि उन्हात पसरलेलं ते पोतं, काळ्या डागांनी भरलेलं. प्रज्वलनं त्याचे फोटो काढले, सारिकाला सासूचं बसणं-उठणं विचारलं, सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. मग पुढचं विचारायला म्हणून मागं सरकला आणि वहीत बघता बघता थेट त्या पोत्यावरच बसायला निघाला.

मी त्याची बाही धरून ओढली. तो झोक जाऊन माझ्याकडं आला, इतका जवळ की त्याच्या चष्म्यात मला मीच दिसले. बाही सोडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. त्यानंही आठवण करून दिली नाही...

"धरून ठेवा, बाई," सारिका खाली बघत म्हणाली. "पुण्याची चामडी हाये, बिब्बा लवकर उतते."

माझे कान गरम झाले. पोतं जाळू नका, त्याचा धूरही बाधतो, लांब खड्ड्यात पुरा, असं मी तिला फारच मोठ्या आवाजात सांगितलं.

सोमवारी सकाळी विभागाची बैठक होती. लॅबचा रिपोर्ट अजून आला नव्हता. प्रज्वलला थांबता आलं असतं. तो उभा राहिला, फळ्यावर खडूनं 'उतला' आणि 'उतरला' असे दोन शब्द लिहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, पेशंटनं खरं सांगितलं होतं, आणि ते मयुरी मॅडमनी ऐकलं. गोळ्या सुरू करायच्या नाहीत. अन्नपूर्णा मॅडम म्हणाल्या, मीसुद्धा नुसती फाइलच वाचली. दुपारी रिपोर्ट आला. त्यात त्या दुर्मिळ आजाराचं नावनिशाण नव्हतं.

त्यानं ती केस परिषदेतून मागं घेतली. वाईट वाटलं का, मी विचारलं. वाटलं, म्हणाला. आणि मग आठ दिवस बसून त्यानं नवा लेख लिहिला, बिब्बा हातात न धरता नुसत्या पोत्यानं उतलेला कसा ओळखायचा, यावर. पहिलं नाव माझं होतं. मी हरकत घेतली. तो म्हणाला, शोध तुमचा आहे, माझी फक्त चूक आहे, तेव्हा ती दुसऱ्या नंबरला बरी.

मार्चमध्ये सोजराबाई दाखवायला आल्या. कातडी साफ, नुसते फिकट डाग. माझ्या हातात गोडंबीची पुडी कोंबली आणि प्रज्वलकडं बोट करून म्हणाल्या, याले बी देजो, ऐकायले शिकला आता.

त्याच आठवड्यात मी नमुन्यांचा डबा घेऊन मलकापूरच्या गाडीत बसले. तो नवा लेख पाहून पुण्याच्या संस्थेनं प्रज्वलला भेटायला बोलावलं होतं, मला मॅडमकडून कळलं होतं. स्वतः त्यानं काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी दोन दिवस त्याचा चहा घेतला नव्हता. गाडी सुटायला आली आणि तो धापा टाकत वर चढला. पाठीला एकच बॅग. काही न विचारता माझ्या शेजारी बसला.

घाट सुरू होईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

"मयुरी, एक हकीकत लिहून घ्या," तो म्हणाला. "जशीच्या तशी."

मी वही काढली. कोरं पान उघडलं, वर तारीख घातली.

"मले बिब्बा उतला," तो सावकाश, एकेक अक्षर जपत म्हणाला. "लावलाच नाही... तरी उतला."

मी मान वर केली नाही. ठरलेले प्रश्न विचारायचे असतात, ते विचारले. "कधीपासून?"

"डिसेंबरपासून. याच गाडीत."

"घरी गेल्यावर कमी होते का?"

"पुण्याला गेलो की वाढतं. म्हणून संस्थेला तोंडावर सांगायला चाललोय, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. बुलढाण्याची कायमची जागा मॅडमनी काल देऊ केली, मी घेतली."

पेन कागदावर टेकला आणि तिथंच शाईचा मोठा ठिपका झाला. "औषध?" मी कसंबसं विचारलं.

"नकोय. फक्त संमती पाहिजे."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो चढलेला दात, तो चष्मा, त्यात पुन्हा मीच. आणि मला तो हवा होता, आजच्या पुरता नाही, उद्या-परवा पुरता नाही, कायमचा.

"हाव," मी म्हटलं.

"कोणती?" त्यानं विचारलं. "तुमची... की आमची?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि वहीत तसंच लिहिलं.