कचऱ्यात गेलेले तुकडे

जिन्यात तो समोर आला आणि हसला, तिथेच तिचं डोकं फिरलं. आरएनएचे तुकडे वाचणारं सिक्वेन्सिंगचं मशीन सांभाळणारा तो हाच, हे त्याच्या गळ्यातल्या कार्डावरून कळलं.

"माझ्या नमुन्यातले छोटे तुकडे कुठे गेले?"

"ते?... काढून टाकले. अगदी हाताने साफ करून चालवला तुमचा नमुना." शाबासकी मिळेल, असा त्याचा चेहरा.

झालं. कित्येक महिन्यांची मेहनत या पठ्ठ्याने धुऊन टाकली होती. इतरांच्या नमुन्यात छोटे तुकडे कचरा असतात, कबूल. पण तिला हवे होते तेच. प्रथिनं बनवणारा रायबोसोम आरएनएच्या धाग्यावर जिथे बसलेला असतो, तेवढाच तुकडा त्याच्याखाली शाबूत राहतो; उरलेला धागा ती मुद्दाम कापून टाकायची. ते चिमुकले तुकडे मशीनवर वाचून घेतले, की पेशी त्या क्षणी काय बनवत होती ते कळतं. आता कसलं काय अन् कसलं काय.

"अक्कल गहाण टाकली होतीस का? मॅडम माझा प्रकल्प दुसऱ्याला देतील. कळतंय?"

त्याचं हसू मावळलं. तो तडक प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत शिरला. ती दाराबाहेर धुमसत उभी. आत तो सांगत होता, चूक माझी, तिची नाही... मशीनवरची माझी पाळी तिला देतो, पडेल ते काम करतो. मॅडमनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी "आणखी एकदाच" एवढं तिला ऐकू आलं.

तो बाहेर आला.

"उपकार केल्यासारखा बघू नकोस," ती म्हणाली. "सगळ्यांचेच नमुने असे घासूनपुसून ठेवतोस?"

"नाही... फक्त तुझा." तो मान खाली घालून म्हणाला. "रोज काचेपलीकडे दिसतेस. ट्यूब ठेवताना तिच्याशी काहीतरी पुटपुटतेस... वाटलं, हिचं काम सगळ्यात चांगलं व्हावं."

तिची कानशिलं तापली. हसू यायला हवं होतं. आला तो आणखी राग.

"एखादी आवडली, तर तिला आधी विचारावं, तुला काय हवंय. आपल्याच मनाने कारभार करायचा नाही."

"मग... काय हवंय तुला?"

"तुकडे. सगळेच्या सगळे." खिशातली हातमोज्यांची जोडी तिने त्याच्या छातीवर आपटली. "आणि तू. पण त्याच क्रमाने."